रॉचेस्टरची डिकन्स जत्रा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या माणसाला डिसेंबर लागला की ऑफिसातलं कुणीतरी हमखास सांगतं, ख्रिसमस मार्केटला जाऊन या. आपण जातो. लाकडी खोपटांची रांग, गरम वाईन, सॉसेज, सुगंधी मेणबत्त्या. दोन-तीन गावं झाली की पुढचं मार्केट न बघताही डोळ्यांसमोर येतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या नावानं भरणाऱ्या जत्रा या पठडीतल्या नाहीत. तिथे दुकानं असतात, पण जायचं असतं ते माणसं बघायला. उंच टोपीतला कुणीतरी चिडका म्हातारा तुमच्या मुलावर खेकसतो, साखळदंड ओढत एक भूत शेजारून जातं, फाटक्या कोटातली पोरं तुमच्या खिशात हात घालण्याचं नाटक करतात. नाताळचा बाजार बघायचा असेल तर कुठेही जा. डिकन्स बघायचा असेल तर थोडी तयारी करून जा, आणि शक्यतो लंडनजवळच्या रॉचेस्टरला जा.

आधी जत्रा निवडा

अशा जत्रा एकाहून जास्त देशांत भरतात. नेदरलँड्समध्ये असाल तर डेव्हेंटर. आयसेल नदीकाठचं हे जुनं व्यापारी गाव. नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिथल्या बेर्गक्वार्टीर या जुन्या वस्तीत १९९१ पासून डिकन्सची जत्रा भरते. साडेनऊशेच्या आसपास स्थानिक लोक वेश करून रस्त्यावर उतरतात. तिकीट नाही, पण आत जायला रांग असते आणि ती तासाच्या पुढेही जाऊ शकते. आत गेल्यावर रस्ता एकाच दिशेनं चालायचा, मागे फिरता येत नाही. दाराशी उभं राहून चणे खाणाऱ्या पात्राशी गप्पा रंगल्या तर तिथेच रंगवा, "येताना भेटू" हा पर्याय नाही.

ह्यूस्टनकरांना गॅल्व्हेस्टन जवळ, सुमारे ८० किलोमीटर. तिथल्या स्ट्रँड या रस्त्यावर १९७३ पासून डिसेंबरच्या सुरुवातीला जत्रा भरते, तिकीट असतं, आणि पूर्ण व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, वेशात येणाऱ्याला त्यात सवलत देण्याची तिथे पद्धत आहे. डिकन्सचा त्या गावाशी संबंध नाही, पण रस्ता त्याच्याच शतकातला. १९०० च्या भीषण वादळात गाव उद्ध्वस्त झालं, पण या विटांच्या जुन्या इमारती टिकून राहिल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली जत्रा त्याहून जुनी, १९७० पासूनची. ती काऊ पॅलेस नावाच्या भल्यामोठ्या सभागृहात, छताखाली भरते. थंडी-पावसाची भीती नाही, आणि अख्खं लंडन आत रचलेलं असतं. ज्यांना मुख्यतः नाच, गाणी, नाटुकली हवीत त्यांनी तिथे जावं.

रॉचेस्टरला यांतलं निम्मंच मिळेल. तिथले वेशधारी डेव्हेंटरपेक्षा कमी, रंगमंच सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा साधे. पण गाव खरं आहे. डिकन्स पाच वर्षांचा असताना त्याचे वडील शेजारच्या चॅटमला नौदलाच्या पगार कचेरीत कारकून म्हणून बदलून आले, आणि तो दहा वर्षांचा होईपर्यंत कुटुंब तिथे राहिलं. पुढे वडील कर्जापायी तुरुंगात गेले, बाराव्या वर्षी पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागला. त्याच्या सुखाच्या बालपणाचा हिशेब एवढाच, आणि तो या परिसरातला. लहानपणी बापाचं बोट धरून फिरताना गॅड्स हिलवरचं एक घर दिसायचं. मेहनत केलीस तर कधीतरी इथे राहशील, असं बाप म्हणायचा. १८५६ मध्ये डिकन्सनं तेच घर विकत घेतलं आणि ९ जून १८७० रोजी तिथेच तो गेला. मधल्या काळात रॉचेस्टरचे वाडे, कमानी, घड्याळं त्यानं नावं बदलून कादंबऱ्यांत घातली. जत्रेत भेटणारी पात्रं आणि त्यांच्या मागच्या भिंती एकमेकांच्या ओळखीच्या आहेत, ही सोय दुसऱ्या कुठल्याच जत्रेत नाही.

घरचा अभ्यास

घाबरू नका, जाडजूड काही वाचायचं नाही. 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कथा तेवढी वाचा. १९ डिसेंबर १८४३ ला ती प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिली ६,००० प्रतींची आवृत्ती संपली. प्रकरणं पाच. रोज रात्री मुलांना एक वाचून दाखवलं तर आठवड्यात होते. स्वामित्व हक्क कधीच संपलेत, त्यामुळे इंटरनेटवर फुकट आहे.

एवढ्या वाचनावर रस्त्यावरची अर्धी मंडळी ओळखू येतात. आखडलेल्या चेहऱ्याचा स्क्रूज, साखळ्या आणि पैशाच्या पेट्या ओढणारा त्याचा मेलेला भागीदार मार्ली, गळ्यात लांब मफलर गुंडाळलेला कारकून बॉब क्रॅचिट, त्याच्या खांद्यावर कुबडी घेतलेला छोटा टिम. हिरव्या झग्यातला, डोक्यावर हॉलीच्या काटेरी पानांचं कडं घातलेला धिप्पाड माणूस सांताक्लॉज नाही, ते 'आताच्या नाताळचं भूत'. मुलं हमखास फसतात. बाकीच्यांपैकी पिवळट पडलेला लग्नाचा पोशाख घातलेली बाई म्हणजे 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली मिस हॅव्हिशॅम. चष्मा, गोल पोट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे म्हणजे 'पिकविक पेपर्स'मधले मिस्टर पिकविक. आणि पोरांची टोळी घेऊन फिरणारा म्हणजे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला फॅगिन.

स्क्रूज "हंबग!" (थोतांड!) म्हणून ओरडला की मुलांनी घाबरून आईमागे लपायचं नाही. कथेतला भाचा जसं हसत हसत "मेरी ख्रिसमस, अंकल!" म्हणतो तसं म्हणायचं. म्हातारा आणखी चिडतो. तो त्यासाठीच आलेला असतो.

तारीख आणि गाडी

रॉचेस्टरची जत्रा डिसेंबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी असते. नेमक्या तारखा आणि मिरवणुकांच्या वेळा मेडवे कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, जाहीर करते. दरवर्षी थोडंफार बदलतं, म्हणून गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विसंबू नका. रस्त्यावर फिरायला तिकीट लागत नाही. किल्ल्याच्या आवारात बाजार भरतो, आणि वारा जोराचा असला की उघड्यावरचे कार्यक्रम आयत्या वेळी रद्द होतात. आदल्या रात्री हवामान आणि घोषणा दोन्ही पाहून ठेवा.

शनिवार की रविवार? माझं मत शनिवार. रविवारी इंग्लंडच्या रेल्वेला रुळांची दुरुस्ती आठवते आणि निम्मा प्रवास बसनं होतो.

मोटार घरी ठेवा. हाय स्ट्रीट वाहनांना बंद असतो आणि आजूबाजूला जागा मिळत नाही. लंडनहून सेंट पँक्रसची हायस्पीड गाडी पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचवते. हायस्पीडचं तिकीट थोडं महाग असतं. साधं तिकीट काढून त्यात बसलात तर फरक भरावा लागतो. व्हिक्टोरियाहून साधी गाडी आहे, ती सावकाश जाते. चौघंजण असाल तर ग्रुप सवलतीची चौकशी तिकीट काढण्याआधी करा.

सकाळी साडेदहाच्या आत पोचा. यावर तडजोड नको. बारापर्यंत पात्रं ताजीतवानी असतात, त्यांना बोलायला वेळ असतो आणि फोटोत अनोळखी माणसांच्या पाठी येत नाहीत. दुपारी त्याच अरुंद रस्त्यावर इतकी गर्दी होते की लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्यांनाच ती घरगुती वाटेल. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. अंधार पडल्यावर दिव्यांची मिरवणूक निघते, ती चुकवायची नाही. म्हणजे सकाळी रस्ता, भर दुपारी छताखाली, संध्याकाळी पुन्हा रस्ता असा दिवस आखा.

काय घालायचं

वेश करणं सक्तीचं नाही, पण केलात तर जत्रा तुमच्याशी बोलते. साध्या जॅकेटमधल्या माणसाला पात्रं हसून पुढे जातात, टोपी घातलेल्या माणसाला थांबवून "काय साहेब, गिरणी कशी चाललीय?" असं विचारतात. खर्च करायची गरज नाही. पुरुषांना गडद लांब कोट, जाकीट, गळ्याला गुंडाळलेला रुमाल. बायकांना पायघोळ घेरदार स्कर्ट आणि शाल. मुलांना चपटी टोपी आणि गालाला थोडं काजळ फासलं की धुराडी साफ करणारा पोऱ्या तयार. धर्मादाय दुकानांत हे सगळं थोडक्यात मिळतं.

आणि मराठी वेशात गेलं तर? खुशाल जा, त्याला इतिहासाचा आधार आहे. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनला आले आणि १८५३ पर्यंत तिथेच ठाण मांडून बसले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठीभेटी, अर्जांवर अर्ज. 'ख्रिसमस कॅरल' दुकानात आलं त्या नाताळात हा सातारकर वकील लंडनमध्येच होता. अंगरखा, शेला आणि पागोटं घालून रॉचेस्टरला गेलात आणि कुणी विचारलं "आपण कोण?", तर उत्तर तयार आहे. कंपनीनं बुडवलेल्या राज्याचा वकील हे पात्र स्क्रूजसमोर उभं करायला मला तरी फार आवडेल.

अमेरिकेतल्या जत्रांना जाणाऱ्या बायकांनी नऊवारीचा विचार जरूर करावा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या तो काळ व्हिक्टोरिया राणीचाच. याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला पोचल्या. डिकन्स तोवर हयात नव्हता, पण जत्रेत एवढं काटेकोर कुणी बघत नाही.

कुठलाही वेश असो, आत थर्मल घालाच. पारा पाच-सात अंशांवर असतो, तरी मेडवे नदीवरून येणारा दमट वारा हाडात शिरतो. नऊवारीखाली लोकरी लेगिंग दिसत नाही. पायात मात्र वेश विसरा आणि जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घाला. फरसबंदी रस्त्यावर बाबागाडी अडकते. तान्हं मूल असेल तर कांगारू पिशवीत घ्या.

हाय स्ट्रीट, पूर्वेकडून पश्चिमेकडे

स्टेशनातून बाहेर पडून कॉर्पोरेशन स्ट्रीट ओलांडला की हाय स्ट्रीट लागतो. बहुतेक लोक सरळ किल्ल्याच्या दिशेनं वळतात, कारण तिकडून संगीत ऐकू येतं. तुम्ही उलटे, डावीकडे पूर्वेला जा आणि ईस्टगेट हाउसपासून सुरुवात करा. लाल विटांचा, मनोरे असलेला हा सोळाव्या शतकातला वाडा. डिकन्सनं तो दोनदा वापरला, 'पिकविक पेपर्स'मध्ये मुलींची शाळा म्हणून आणि अर्ध्यावर राहिलेल्या 'एडविन ड्रूड'मध्ये पुन्हा मुलींची शाळा म्हणूनच. मागच्या बागेत एक लाकडी स्विस घरकुल आहे. फेख्टर नावाच्या नट मित्रानं ते १८६४ च्या नाताळात डिकन्सला भेट पाठवलं, सुटे भाग करून, ५८ खोक्यांत. गॅड्स हिलवर ते उभारल्यावर तो त्याच्या माडीवर लिहायला बसायचा. ८ जून १८७० चं लिखाणही तिथलंच. त्या संध्याकाळी त्याला झटका आला. समोरच्या बाजूची लाकडी तुळयांची जुनी घरं म्हणजे 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधल्या पंबलचुक मामांचं धान्य-बियाण्याचं दुकान.

जवळच क्रो लेनवर रिस्टोरेशन हाउस आहे. मिस हॅव्हिशॅमचं सॅटिस हाउस ते हेच. हिवाळ्यात आत जाता येत नाही, पण फाटकापाशी पाच मिनिटं उभे राहा. गर्दी इथवर येत नाही.

मग पुन्हा हाय स्ट्रीट, आणि ९७ नंबरचं दगडी, अरुंद घर. माझ्या मते सगळ्या जत्रेत बघण्यासारखी एकच जागा निवडायची झाली तर ही. रिचर्ड वॉट्स नावाच्या स्थानिक गृहस्थानं १५७९ च्या मृत्युपत्रात पैसे ठेवले : सहा गरीब वाटसरूंना रोज एका रात्रीचा मोफत आसरा, जेवण आणि निघताना प्रत्येकी चार पेन्स. पाटीवर हे सगळं कोरलेलं आहे, आणि पुढे अट : तो लबाड किंवा प्रॉक्टर, म्हणजे एका प्रकारचा वकील, नसावा. (रंगो बापूजींच्या वेशातल्यांनी इथे गप्प बसावं.) धर्मशाळा १९४० पर्यंत चालू होती. डिकन्सनं इथे येऊन हे पाहिलं आणि १८५४ च्या नाताळ अंकासाठी 'द सेव्हन पुअर ट्रॅव्हलर्स' लिहिलं; सातवा वाटसरू तो स्वतः. त्याच्या नाताळात टर्की आणि पुडिंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते ताटात येण्याआधीची भूक आणि थंडी तो कधी वगळत नाही. चार पेन्सची ही पाटी वाचून झाल्यावर बाजारातल्या आठ पौंडांच्या हॉट चॉकलेटकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

पुढे रस्त्यावर बाहेर झेपावलेलं भलंमोठं घड्याळ दिसेल, कॉर्न एक्स्चेंजचं. लहानपणी डिकन्सला ते जगातलं सर्वांत देखणं घड्याळ वाटायचं. मोठेपणी परत आला तेव्हा त्याला ते चंद्रासारख्या गोल तोंडाचं, निर्विकार आणि अशक्त वाटलं, तसं त्यानं लिहूनही ठेवलं. हरवलेल्या माणसांनी भेटायची जागा म्हणून मात्र ते उत्तम आहे. गर्दीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा "चुकामूक झाली तर घड्याळाखाली" एवढं सकाळीच ठरवून ठेवा.

कमानीतून आत गेलं की कॅथीड्रल. इथे पहिलं देऊळ ६०४ मध्ये उभं राहिलं. इंग्लंडमधलं दुसरं सर्वांत जुनं धर्मपीठ. डिकन्सची इच्छा याच परिसरात पुरलं जावं अशी होती. लोकमतापुढे ते चाललं नाही आणि तो वेस्टमिन्स्टर अॅबेत गेला. दुपारची गर्दी टिपेला पोचते तेव्हा इथे येऊन बसा. जत्रेच्या दिवसांत कॅरल गायन असतं, पाय मोकळे होतात, आणि ऊब असते.

पश्चिम टोकाला बुल हॉटेल आणि समोर गिल्डहॉल, म्हणजे जुनं नगरभवन. 'पिकविक पेपर्स'मधली पिकविकची मंडळी पहिल्याच प्रवासात बुलमध्ये उतरली, तिथल्या नाचात जिंगल नावाच्या लफंग्यानं पिकविकचा मित्र विंकल याचा कोट परस्पर घालून भांडण ओढवून घेतलं आणि द्वंद्वाची पाळी बिचाऱ्या विंकलवर आली. गिल्डहॉलमध्ये 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या नायकाला, पिपला, लोहाराकडे उमेदवारीला बांधलं. आज ते संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. नदीत नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांत कैदी कोंडत असत, तसा तुरुंग आत उभा केला आहे. त्याच कादंबरीतला कैदी मॅग्विच कुठून पळाला हे मुलांना इथे एका मिनिटात कळतं. स्वच्छतागृहाची रांगही बाहेरच्यापेक्षा बरी.

नंतर किल्ला. ११३ फूट उंच बुरुजाखाली बाजार भरतो, तिथे खरेदी करायची तर करा. ती खोपटी तुम्ही आधी कुठेतरी पाहिलेली असतात.

पात्रांशी कसं वागायचं

यांतले बरेच हौशी आहेत. काहीजण १९०२ पासूनच्या डिकन्स फेलोशिपसारख्या मंडळांतले. बक्षिशी द्यायची नसते. फोटोआधी खुणेनं का होईना विचारा, आणि त्यांच्या मुलांचा फोटो पालकांना विचारूनच. "तुमचं खरं नाव काय, काम काय करता" हे प्रश्न नकोत, रंगाचा बेरंग होतो. त्यापेक्षा स्क्रूजकडे कर्ज मागा. व्याजाचा दर ऐकण्यासारखा असतो.

खायचं काय

डिसेंबर म्हणजे बरेचदा मार्गशीर्ष, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. मिन्स पाय या नावात खिमा असला तरी आज आत मनुका, सफरचंद आणि मसाला असतो. अडचण वेगळी : सारणात आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये परंपरेनं गाईची चरबी, म्हणजे सुएट, घालतात. वनस्पतीजन्य सुएटही सर्रास वापरतात. "व्हेजिटेरियन सुएट?" एवढं विचारा, विक्रेत्याला कळतं. चिप्सच्या गाडीवर तेल कुठलं हेही विचारा, काहीजण चरबीत तळतात. पुडिंगवर ब्रँडी असते आणि मल्ड वाईन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाईन, मुलांसाठी नाही. गरम अॅपल ज्यूस मागा. हॉग रोस्ट म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, समोर फिरत असतं, मुलांना आधी सांगून ठेवा. निर्धास्त खायचं तर भाजलेले चेस्टनट, गरम गरम, कागदी पुडीत. बटाटा आणि चीजही मिळतं. पण रांगा लांब, म्हणून पिशवीत थालीपीठ असू द्या, आणि जेवण बाराच्या आधी किंवा अडीचनंतर करा.

परतताना

मिरवणूक संपली की हजारो माणसं एकाच वेळी रॉचेस्टर स्टेशनकडे वळतात आणि फलाटाबाहेर रांग लागते. तुम्ही हाय स्ट्रीट धरून पूर्वेला चालत राहा. सुमारे वीस मिनिटांत चॅटम येतं. लंडनला जाणारी गाडी चॅटमला आधी थांबते आणि मग रॉचेस्टरला, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता इथे जास्त. गाडीला वेळ असला तर स्टेशनला लागूनच ऑर्डनन्स टेरेस आहे. तिथलं ११ नंबरचं घर म्हणजे पाच वर्षांच्या डिकन्सचं घर. आत जाता येत नाही. बाहेरून दोन मिनिटांत बघून होतं आणि गाडी चुकत नाही.